भित्रे साहेब

"आणि हे कुणी खाल्लं तर?"

टेबलावर काहीही येवो, साहेबांचा हा प्रश्न ठरलेला असायचा. खताचा नमुना असो, नव्या कीटकनाशकाची बाटली असो, नाहीतर फवारणीच्या पंपाचं वंगण असो. चष्मा कपाळावर चढवायचा, वस्तू नाकाशी न्यायची, पटकन लांब धरायची आणि विचारायचं. एकदा तणनाशक विकणारा एक विक्रेता रंगीत पत्रकं घेऊन आला होता. तो हसून म्हणाला, "साहेब, हे कोण कशाला खाईल?" साहेबांनी पत्रक मिटून त्याच्या हातात परत दिलं. "म्हणजे तुम्ही विचार केलेला नाही," एवढंच बोलले.

धुळ्याला ते आमच्या शेती खात्याचे जिल्ह्यातले सर्वांत मोठे अधिकारी होते आणि मी त्यांची स्टेनो. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं ती. तुम्हीही सरकारी कचेऱ्यांतून साहेब पाहिले असतील. बेल वाजवणारे, फाइल फेकणारे, दौऱ्यावर कोंबडी मागवणारे. आमचे साहेब यातलं काहीच करत नसत, कारण ते सतत भ्यालेले असत. फोन वाजला की आधी दचकत. सही करण्यापूर्वी कागद तीनदा वाचत, तिसऱ्यांदा मोठ्यानं.

कचेरीत मागून त्यांना सगळे 'भित्रे साहेब' म्हणत. एका नव्या कारकुनाला ते खरंच आडनाव वाटलं आणि त्यानं पाकिटावर तसं लिहिलंसुद्धा. साहेबांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "पत्ता बरोबर आहे. जाऊ द्या."

मला त्यांच्या आणखी एका खोडीचा त्रास होई. वरून आलेल्या परिपत्रकाचा मसुदा मी टाइप करून नेला की ते शब्द खोडत बसत. 'सेवन' खोडायचे, 'वर्ज्य' खोडायचे. 'भक्षण' या शब्दावर तर त्यांचा दातच होता. एकदा मी वैतागून म्हटलं, "साहेब, शासनाचीच भाषा आहे." ते म्हणाले, "म्हणूनच खोडतो आहे, बाई. 'खाऊ नका' असं टाइप करा." पुन्हा तेच पान टाइप करायचं म्हणून मी मनात चरफडत असे.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला आणि आला तोही तोकडा. पेरणीसाठी आलेल्या संकरित ज्वारीच्या गोण्या गोदामांतून पडून राहिल्या. त्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून विषारी औषध चोळलेलं असे, आणि ते ओळखू यावं म्हणून लाल रंग. उरलेलं बियाणं खड्डा करून पुरून टाकायचं असा साहेबांचा लेखी हुकूम होता. मीच तो टाइप केला होता.

श्रावण संपत आला होता. एका सकाळी पिंपळनेरहून एस.टी.च्या कंडक्टरनं एक पाकीट आणून दिलं. तिकडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. डोंगराकडच्या एका पाड्यावरून उलट्यांचे काही रोगी आले होते. घरात काय शिजलं होतं असं विचारल्यावर एकानं मूठभर धान्य आणून दाखवलं. ते सोबत पाठवलं आहे, तुमच्याकडचं आहे का पाहावं, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं.

पुडीत ज्वारी होती. पांढरी, साधी ज्वारी. मला तर ती बाजारातल्यासारखीच वाटली. साहेबांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, ग्लासातल्या पाण्यात एक टोक भिजवलं, चार दाणे त्यात धरून अंगठ्यानं चोळले आणि रुमाल उघडला. रुमालावर फिकट गुलाबी रेघ उमटली होती.

कुणीतरी गोण्या गोदामातून काढून, धुऊन, वाळवून खाण्याची ज्वारी म्हणून विकली होती. साहेबांनी उरलेले दाणे पुडीत परत बांधले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मग म्हणाले, "बाई, घरी निरोप पाठवा. तुम्हाला माझ्याबरोबर यायचं आहे. मी लोकांच्या चुलीपर्यंत जाऊ शकत नाही, तुम्ही जाऊ शकता. आणि तुम्हाला अहिराणी येते."

माझं माहेर सोनगीरचं, तेव्हा अहिराणी येतच होती. साहेब रावेरकडचे, केळीवाल्या घरातले. त्यांची घरची बोली वेगळी आणि कचेरीत तर सगळे पुस्तकी बोलत.

जीप नाना चालवत होते, आमचे वयस्क ड्रायव्हर. साक्री मागे पडल्यावर साहेब एकदम, पुढच्या काचेकडे पाहत बोलायला लागले. नोकरीला लागले त्या पहिल्याच वर्षी, एका दुसऱ्या तालुक्यात, त्यांनी असंच रंगवलेलं गव्हाचं बियाणं वाटलं होतं. वाटताना नियमाप्रमाणे सूचनाही वाचून दाखवली होती. 'सदर बियाणे विषप्रक्रियायुक्त असून त्याचे भक्षण करू नये.' लोकांनी माना हलवल्या होत्या. टंचाईचे दिवस होते. एका घरातल्या बाईनं ते गहू नदीवर नेऊन रंग जाईपर्यंत धुतले आणि दळले.

"तीन आठवडे काही झालं नाही," साहेब म्हणाले. "मग तिला सुईत दोरा ओवता येईना. मग पेला धरता येईना. मग उभं राहता येईना. तिचा नवरा मला विचारत होता, साहेब, तुम्ही सांगितलं का नाही? मी सांगितलं होतं, बाई. मी 'भक्षण' म्हणालो होतो."

मला इतकी वर्षं खोडलेले सगळे शब्द आठवले.

पाडा म्हणजे तीस-पस्तीस घरं, टेकड्यांच्या उतारावर विखुरलेली. पुरुष कामाला गेलेले, बाया, म्हातारी आणि पोरं तेवढी घरात. मी वाकून घरात शिरायची, कणगीतलं, मडक्यातलं, सुपातलं धान्य मुठीनं बाहेर आणायची. साहेब उंबऱ्याबाहेर उकिडवे बसून ओल्या रुमालावर ते चोळायचे. एक घर पांढरं निघालं की सुटकेचा श्वास टाकावा, तर पुढच्या घरात रुमाल गुलाबी. चौथ्या की पाचव्या घरात तव्यावर भाकरी होती आणि समोर दोन पोरं जेवत होती. मी ताट ओढून घेतलं तशी ती रडायला लागली. त्यांची आई माझ्या अंगावर धावून आली, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटलं नाही.

लोक जमले. एक म्हातारी पुढं होऊन म्हणाली, "हाई बठ्ठं तुम्हीन लई जाशात, मंग आम्हीन काय खावूत?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्थ सांगितला, हे सगळं तुम्ही नेलंत तर आम्ही खायचं काय, असं ती विचारते आहे. त्यांनी तिथंच, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून, पिंपळनेरच्या रेशन दुकानदाराला चिठ्ठी लिहिली की माझ्या जबाबदारीवर इतकी ज्वारी ताबडतोब पाठवा. असा हुकूम काढायचा त्यांना काडीचाही अधिकार नव्हता. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्यांनी ती चिठ्ठी तीनदा वाचली नाही. एकदाही वाचली नाही. नानांना दिली आणि जा म्हणाले.

नाना निघायच्या आत एका झोपडीतून कण्हण्याचा आवाज आला. आत एक म्हातारा आणि त्याची सून, दोघं पहाटेपासून ओकत होते. दवाखान्यात जायचं त्यांना कुणी सुचवलंच नव्हतं. दोघांना जीपमध्ये घातलं. जीप गेली आणि आम्ही दोघं पायी पुढच्या उताराला लागलो.

"विषाला तुमच्याकडं काय म्हणतात?" साहेबांनी वाटेत विचारलं.

"इख," मी म्हटलं. "हाई इख शे, खावानं नही."

मग त्यांनी ते धरलं. पन्नाशी उलटलेला तो माणूस, चिखलानं भरलेले बूट, हातात गुलाबी झालेला रुमाल, दर घरासमोर उभा राहून रावेरी हेलात ओरडत होता, "हाई इख शे! खावानं नही!" दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसले असते. पोरं हसलीही. पण त्यांच्या आवाजातलं काहीतरी बायांपर्यंत पोचलं असावं, कारण आम्ही पोचायच्या आधीच काही घरांतून सुपं बाहेर येऊ लागली. संध्याकाळपर्यंत पाड्याच्या मधोमध ज्वारीचा ढीग झाला. साहेबांनी स्वतः फावडं घेऊन खड्ड्याला सुरुवात केली.

म्हातारा तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारला. सून वाचली.

पण खरी भीती नंतर सुरू झाली. ज्यांना उलट्या झाल्या नाहीत त्यांनाही तीन आठवड्यांनी त्रास सुरू होऊ शकतो, हे साहेबांना ठाऊक होतं. त्यामुळं ते दर गुरुवारी पाड्यावर जात, दोनदा मलाही नेलं. एका झाडाखाली बसत आणि एकेकाला पाण्यानं काठोकाठ भरलेला लोटा घेऊन आपल्यापर्यंत चालत यायला सांगत. पोरांना तो खेळ वाटे. ज्याचं पाणी सांडणार नाही त्याला साहेब गूळ देत. पोरं पावलं मोजत, जीभ बाहेर काढून, डोळे लोट्यावर लावून येत, आणि साहेब त्यांच्या मनगटांकडे बघत. एका मुलीचं पाणी सांडलं. साहेबांचा चेहरा असा झाला की मी तिकडे पाहू शकले नाही. त्यांनी तिला पुन्हा चालायला लावलं. दुसऱ्यांदा थेंबही सांडला नाही. तिच्या पायाला फक्त काटा लागला होता. साहेबांनी तो काढला आणि किती तरी वेळ तिचं पाऊल हातात धरून बसले.

इकडे कचेरीत अहवाल लिहायचा होता. वरून फोन आला तेव्हा मी वही घेऊन समोरच बसले होते. पलीकडचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, पण साहेब नंतर सांगत होते. 'अन्नातून बाधा' एवढंच लिहा, असं सुचवलं गेलं होतं. गोण्या तुमच्याच गोदामातल्या, हुकूम तुमचा, देखरेख तुमची, आणि तुमच्या बढतीचा कागद सहीसाठी आलेला, याचा विचार करा. साहेब फक्त 'हो, हो' म्हणत राहिले. रिसीव्हर ठेवला तेव्हा तो जागेवर बसेना, दोनदा खडखडला.

मला वाटलं, झालं. हा माणूस फोनच्या घंटीला भितो, हा काय लिहिणार?

"बाई," ते म्हणाले, "मला फार भीती वाटते आहे. लिहून घ्या."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. गोदाम कोणतं, किल्ली कुणाकडे, गोण्या किती कमी, कोणत्या व्यापाऱ्यानं त्या उचलल्या आणि कोणत्या बाजारात विकल्या. शेवटी, 'बियाणे पुरले गेले की नाही हे मी स्वतः जाऊन पाहिले नाही. ही चूक माझी आहे.' हे वाक्य घेताना माझी पेन्सिल थांबली. ते म्हणाले, "घ्या. तेवढंच एक वाक्य आहे ज्याला दुसरा साक्षीदार लागत नाही."

दोन दिवसांनी, रविवारी दुपारी माझ्या घरी एक गृहस्थ आले. पांढरेशुभ्र कपडे, बोलणं अगदी मऊ. त्या व्यापाऱ्याचे कुणी तरी नातलग असल्याचं त्यांनी सांगितलं. चहा घेतला, कपाचं कौतुक केलं. अहवालाची एखादी प्रत बघायला मिळाली तर बरं, असं म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांनी काही आग्रह धरला नाही. उठताना, चपला घालता घालता, सहज विचारावं तसं विचारलं, "तुमची मुलगी साडेबाराला सुटते ना शाळेतून? एकटीच येते वाटतं."

ते गेल्यावर मी कडी लावली आणि दाराला टेकून खाली बसले. माझे मिस्टर तेव्हा नोकरीनिमित्त नाशिकला असत, आणि मुलगी सात वर्षांची.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं आणि महिनाभराची रजा मागितली. त्यांचा चेहरा पांढरा पडला. पोलिसांत कळवतो म्हणाले, कळवलंही. रजेचा अर्ज मात्र त्यांनी खिशात ठेवला आणि विचार करतो म्हणाले. मला राग आला. बारा वाजता मीच घाईनं शाळेकडे निघाले. लांबूनच मला फाटकापाशी एक छत्री दिसली. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. छत्रीखाली आमचे साहेब उभे होते, जिल्ह्याचे अधिकारी, आणि दोन्ही हातांनी छत्रीचा दांडा इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी झाली होती.

ते त्यानंतर रोज येत. एक दिवस चुकला नाही. मुलीला घरापर्यंत पोचवत, मग कचेरीत येऊन डबा खात. तीन आठवड्यांनी मी म्हटलं की साहेब, आता पुरे, आता काही होणार नाही. ते म्हणाले, "तीन आठवड्यांवर माझा विश्वास नाही, बाई." आणि दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत येत राहिले. मुलगी त्यांना 'छत्रीवाले आबा' म्हणायला लागली होती. रस्त्यानं ते दोघं काय बोलत कोण जाणे. एकदा तिनं मला सांगितलं, "आबा ना, माझ्यापेक्षा जास्त घाबरतात. मी त्यांचा हात धरते."

पुढं काय झालं ते सरकारी नोकरीतल्या माणसाला सांगायला नको. चौकशी लागली. गोदामाचा माणूस घरी बसला. व्यापाऱ्यावरचा खटला तारखांमागून तारखा पडत विझून गेला. रेशनच्या ज्वारीबद्दल साहेबांना खुलासा विचारला गेला, आणि त्यांच्या बढतीचा कागद कुठं तरी खाली सरकला. त्यांना जळगावला, जिथं खुर्ची होती पण काम नव्हतं अशा जागी पाठवलं. निरोपाच्या दिवशी हार घालून घेताना त्यांनी मान इतकी आखडून धरली होती की नाना मला हळूच म्हणाले, "फाशी देऊन राह्यलेत असं वाटतं."

बढती मिळाली, पण निवृत्तीला जेमतेम वर्ष राहिलं असताना. तेवढ्यात त्यांनी एक काम केलं. आपल्या हद्दीत वाटायच्या बियाण्याच्या प्रत्येक गोणीवर मोठ्या अक्षरांत 'हे विष आहे, खाऊ नका' असं छापून घेतलं, आणि पश्चिमेकडं जाणाऱ्या गोण्यांवर अहिराणीत. सरकारी गोणीवर 'इख' हा शब्द पाहून वरून विचारणा झाली म्हणे. त्यांनी काय उत्तर दिलं ते कळलं नाही.

निवृत्तीनंतर ते जळगावलाच, मेहरूणला राहिले. नव्वदच्या पुढची ती वर्षं. मी लग्नकार्यानं जळगावला गेले की त्यांना भेटून येई. शेवटच्या खेपेला पाहिलं तर ते खूप वाळले होते. विसरायला लागलेत, असं त्यांच्या मिसेसनी मला आधीच सांगितलं. तलावाच्या काठी आम्ही बाकावर बसलो.

"बाई, त्या पाड्यावर ओढ्याच्या पलीकडे एक घर होतं. एकटंच, वर. तिथं आपण गेलो होतो ना?"

ते घर मला आठवत होतं. त्या संध्याकाळी मी खालून ते पाहिलं होतं. दार बंद, छपरातून धूर नाही. माझे पाय दुखत होते आणि मुलीची आठवण येत होती. तिथं कुणी राहत नाही असं वाटतं, असं मीच साहेबांना म्हणाले होते. नंतरच्या गुरुवारीही ते घर ना त्यांना आठवलं, ना मला.

"गेलो होतो, साहेब," मी म्हटलं. "मी स्वतः आत जाऊन पाहिलं. पांढरी निघाली ज्वारी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहत राहिले.

"बरं झालं," ते म्हणाले.

त्या थंडीत ते गेले. मिसेसचं पत्र आलं, त्यात त्यांनी लिहिलं होतं की तुम्ही येऊन गेल्यावर त्या घराबद्दल यांनी पुन्हा विचारलं नाही. आधी रोज विचारायचे.

पत्र वाचल्यापासून ते घर माझ्या डोळ्यांपुढून हलेना. भाकरी थापताना, टाइप करताना, ते बंद दार दिसे. शेवटी एका रविवारी मी पिंपळनेरची एस.टी. धरली आणि तिथून पाड्यावर गेले. ओढा कोरडा होता. पलीकडे, वर, घर तसंच होतं. मात्र आता दार उघडं होतं आणि अंगणात माझ्याच वयाची एक बाई शेंगा निवडत होती. तिनं मला पाणी दिलं. लोटा मी तसाच हातात धरून ठेवला. लाल ज्वारीच्या वर्षी तुम्ही इथंच होता का, म्हणून मी विचारलं.

तिला ते वर्ष आठवत होतं. पाड्यावर सगळ्यांनाच आठवतं म्हणाली.

"तवय आम्हीन बठ्ठा गुजरातमा व्हतूत, कामले," ती शेंगा निवडता निवडताच बोलली. "घरले कडी लायेल व्हती."

मी तिला पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, त्या वर्षी सगळे गुजरातेत कामाला गेलेले, घर रिकामंच. तिची दोन मुलं बाहेरून आली, चांगली उंचनिंच, आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी पाणी प्यायले, लोटा खाली ठेवला आणि उतार उतरायला लागले.

एस.टी. साक्रीजवळ आली तोवर जळगावला लिहायच्या पत्राची पहिली ओळ माझ्या मनात तयारही झाली होती. 'आदरणीय साहेब यांस.' सोप्या शब्दांत लिहायचं असं मी ठरवत होते. मग कंडक्टर तिकीट बघायला आला, आणि मला आठवलं की ते पत्र घ्यायला आता साहेब नाहीत.